डाव्या पायाचा भार आणि दोन दट्ट्यांचा हिशेब

संध्याकाळी सातच्या सुमारास मालाडच्या मार्वे रोडवर किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावर पठाणवाडीच्या आसपास वाहनांची रांग लागलेली असते. त्या रांगेत एखादा जुना ट्रक अडकला असेल, तर त्याच्या चालकाचा डावा पाय क्षणभरही मोकळा राहत नाही. रांग चार हात पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. मिनिटाला तीन वेळा क्लच दाबावा लागला, तरी तासाला तो आकडा १८० वर जातो. दर खेपेस २५ किलोचा जोर लावावा लागत असेल, तर तासाभरात त्या एका गुडघ्याने साडेचार टनांचा भार पेललेला असतो. त्यातून गाडी खरोखरच जुनी असेल आणि तिच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेशची सोय नसेल, तर प्रत्येक गिअर बदलताना 'डबल क्लच' मारावा लागतो, म्हणजे हेलपाटा दुप्पट.

अशा गाडीचा मालक गॅरेजमध्ये गेला, की 'हायड्रॉलिक करून टाका, पाय फुलासारखा हलका होईल' हा सल्ला त्याला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. परंतु क्लच हलका कशाने होतो आणि त्या हलकेपणाची किंमत कोठे मोजावी लागते, हे समजून न घेता केलेला बदल पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गॅरेजच्या दारात येऊन उभा राहतो.

जुन्या मालवाहू गाड्यांशी मुंबईच्या उपनगरांचे नाते तसे जवळचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडत. मालाडला लागूनच असलेल्या कांदिवलीत महिंद्रचा कारखाना आहे आणि विलीज बनावटीच्या जीपने या कंपनीची ओळख घडवली. १९५४ मध्ये टेल्को आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांच्यात करार झाल्यानंतर जमशेदपूरहून आलेले टाटा-मर्सिडीज ट्रक देशभरच्या रस्त्यांवर दिसू लागले. १९६९ मध्ये तो करार संपला आणि ट्रकच्या तोंडावरचा तारा जाऊन त्या जागी टाटांचे अक्षर आले. यांपैकी आज धावत्या स्थितीत उरलेल्या गाड्या मुख्यत्वे हौशी संग्राहकांकडे किंवा चित्रपटांना जुन्या काळातली वाहने पुरविणाऱ्यांकडे सापडतात. मढच्या बाजूला चित्रीकरण नेहमीचेच. तेथवर गाडी स्वतःच्या चाकांवर न्यायची तर मार्वे रोडची गर्दी चुकत नाही.

आता क्लचकडे वळू. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याच्या आणि प्रेशरप्लेटच्या मध्ये क्लचप्लेट ही घर्षणाचे अस्तर लावलेली चकती दाबून धरलेली असते. ही पकड दणकट स्प्रिंगांची असते, पायाची नव्हे. पायाचे काम उलटे आहे: स्प्रिंगांचा जोर मोडून ती पकड सैल करणे. पॅडल दाबले, की दांड्या आणि तरफा फिरतात, क्लचचा फोर्क हलतो, तो रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंग प्रेशरप्लेटच्या बोटांवर दाब देते. प्लेट एक-दोन मिलिमीटर उचलली गेली, की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. एवढ्याशा अंतरासाठी सारा खटाटोप चाललेला असतो.

जुन्या गाड्यांत पॅडलपासून फोर्कपर्यंतचा हा निरोप लोखंडी दांड्या पोहोचवतात. विलीज जीपमध्ये चासी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक आडवी नळी फिरते आणि तिच्यापासून एक लहान केबल फोर्कला ओढते. रचना साधी, डोळ्यांना दिसणारी, आणि वाटेत काही तुटले तर तारेने बांधून घर गाठता येईल अशी. तिचे दुखणे निराळे आहे. पॅडल चासीवर किंवा केबिनवर बसलेले असते, तर फोर्क इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला. इंजिन रबरी बैठकांवर हलते, खड्ड्यांतून जाताना चासी पिळवटते, आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या दांड्यांचे सांधे झिजत जातात. सहा सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर ढिलाई आली, तरी तीन मिलिमीटर चाल वाटेतच हरवते. त्यात मार्वेच्या खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने बुश गंजले असतील, तर पायाचा बराचसा जोर स्प्रिंगांशी नव्हे, तर गंजाशी लढण्यात खर्च होतो.

म्हणूनच पहिली गोष्ट अशी, की क्लच जड आहे म्हणून लगेच दांड्या काढून फेकू नयेत. त्या फोर्कपासून सोडवून पॅडल नुसत्या हाताने हलवून पाहावे. तेवढ्यानेही ते अडखळत असेल, तर दोष सांध्यांचा आहे. लेथवर नवे बुश करून, पिना बदलून आणि ग्रीस भरून अर्धे काम होते. पॅडल मोकळे फिरत असेल आणि तरीही क्लच जड असेल, तर प्रेशरप्लेट, फोर्कचा टेकू किंवा रिलीज बेअरिंग ज्यावर सरकते ती बाही तपासावी. या आतल्या भागांतला बिघाड हायड्रॉलिक यंत्रणा बरा करीत नाही. ती फक्त तो झाकते. कित्येक मालकांचा खर्च या एका तपासणीने वाचू शकतो, आणि नेमकी हीच घाईत राहून जाते.

हायड्रॉलिक रचनेत दांड्यांची जागा द्रव घेतो. पॅडलजवळ मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर, दोहोंमध्ये नळी. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पसरतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. त्यावर इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये दाबयंत्र उभारले. मोटारींच्या ब्रेकमध्ये हा नियम आला तो १९२० च्या दशकात. नळीला वळणे कितीही असोत, इंजिन कितीही हलो, द्रवाला त्याचे सोयरसुतक नसते. दांड्यांपेक्षा त्याची खरी सरशी येथे आहे. पाय हलका होणे हा त्यापुढचा भाग. तो आपोआप होत नाही, दोन दट्ट्यांच्या आकारांचा मेळ घालून साधावा लागतो.

हा मेळ आकड्यांनी पाहिलेला बरा. समजा, पॅडलची तरफ सहास एक आहे आणि पॅडल १५० मिलिमीटर खाली जाते. म्हणजे मास्टर सिलिंडरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकतो. स्लेव्ह सिलिंडर सात अष्टमांश इंची, त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८८ चौरस मिलिमीटर. फोर्कची तरफ दोनास एक. क्लच सुटण्यासाठी बेअरिंगवर २४५ किलोचा जोर आणि ९ मिलिमीटर चाल लागते असे धरू. (प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, आणि ते मोजूनच घ्यावे लागतात.)

मास्टर सिलिंडर पाऊण इंची घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ २८५ चौरस मिलिमीटर होते. स्लेव्हचा दट्ट्या १८.४ मिलिमीटर सरकतो आणि बेअरिंग ९.२ मिलिमीटर. पायाला लागतात १५ किलो. काम चोख. आता कोणी म्हणाले, पाय आणखी हलका करू, आणि पाच अष्टमांश इंची मास्टर बसविला, तर पायाचा भार खरोखरच साडेदहा किलोंवर येतो; पण बेअरिंग जेमतेम साडेसहा मिलिमीटर पुढे जाते. क्लच पूर्ण सुटतच नाही, गिअर टाकताना दाते करकरतात आणि गिअरबॉक्सची वाट लागते. याउलट, भंगार बाजारात एक इंची मास्टर स्वस्तात मिळाला म्हणून तोच लावला, तर बेअरिंग सोळा मिलिमीटरांहून अधिक धावते. पायाला सुमारे सत्तावीस किलो लागतात, म्हणजे बदल करूनही पाय जडच. वर प्रेशरप्लेटची बोटे गरजेपेक्षा जास्त दाबली जाऊन वाकतात किंवा स्लेव्हचा दट्ट्या सिलिंडरच्या तोंडाबाहेर येऊन सारा द्रव रस्त्यावर सांडतो.

तेव्हा जोर वाढवला, की चाल घटते आणि चाल वाढवली, की जोर घटतो. या व्यवहारात सूट नाही. दोन्ही सिलिंडरांची मापे ठरविण्यापूर्वी फोर्कच्या टोकाची आवश्यक चाल फूटपट्टी लावून मोजणे, हे या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे पाऊल आहे. पॅडलखाली एक पक्का अडसर बसविला, की उत्साही पायाने चाल ओलांडण्याचा प्रश्नही मिटतो.

मापे जुळली, तरी सिलिंडर कशावर बसवला आहे याला तेवढेच महत्त्व आहे. पंधरा किलोचा पाय सहापट होऊन मास्टर सिलिंडरवर ९० किलोंनी आदळतो आणि तेवढाच उलटा धक्का सिलिंडरच्या बैठकीला बसतो. जुन्या ट्रकच्या केबिनचा पत्रा मुळात पातळ, त्यात चाळीस-पन्नास पावसाळ्यांनी खाल्लेला. पॅडल दाबताच पत्रा फुगतो, आणि दोन-तीन मिलिमीटरांची चाल त्या फुगवट्यातच जिरते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, नळीत हवा राहिली. मिस्त्री पुन्हा पुन्हा हवा काढत राहतो. एकाने पॅडल दाबावे आणि दुसऱ्याने सिलिंडरच्या मुळाशी बोट ठेवून पाहावे. पत्रा हलत असेल तर बोटाला लगेच कळते. उपाय म्हणजे पत्र्याच्या दोन्ही अंगांनी चार-पाच मिलिमीटर जाडीची पट्टी देऊन भार पॅडलच्या मूळ ब्रॅकेटवर नेणे. ज्या ट्रकांत पॅडल केबिनच्या तळातून वर येते, तेथे मास्टर सिलिंडर चासीवरच बसवणे सोयीचे. बैठक भक्कम मिळते, मात्र चिखलपाण्यापासून त्याला झाकावे लागते आणि द्रवाची बाटली नळीने वर, हाताशी येईल अशा ठिकाणी आणावी लागते. स्लेव्हची ब्रॅकेट नेहमी गिअरबॉक्सच्या किंवा क्लच हाउसिंगच्या अंगालाच असावी. ती चासीवर लावली, तर इंजिनच्या हलण्याचा जुना रोग नव्या यंत्रणेत जसाच्या तसा शिरतो.

नळीचेही असेच. पाऊण इंची मास्टरच्या हिशेबात आतला दाब चौरस सेंटिमीटरला ३१ किलोंच्या वर जातो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा जवळपास चौपट झाला. चासीच्या कडेने ब्रेकसाठीची पोलादी नळी आणि शेवटच्या टप्प्यात चासी ते गिअरबॉक्स ब्रेकच्याच दर्जाची लवचिक नळी, याला पर्याय नाही. सायलेन्सरच्या पाइपापासून ती दूर ठेवावी. डिझेलची किंवा साधी रबरी नळी क्लिपांनी आवळून चालवण्याचा मोह कोणी घातला, तर तो ठामपणे नाकारावा.

याहून गंभीर बाब म्हणजे द्रवाची बाटली. जागा वाचवण्यासाठी ब्रेकच्या बाटलीतूनच क्लचला नळी काढण्याची युक्ती कोणाला सुचते. कारखान्यातून तशा गाड्या येतात हे खरे; पण तेथे क्लचचे तोंड बाटलीत उंचावर असते किंवा मध्ये पडदा असतो, जेणेकरून क्लचची नळी फुटली तरी ब्रेकपुरता द्रव तळाशी शिल्लक राहावा. जुन्या ट्रकच्या बाटलीला तळाशी भोक पाडून ही जोडणी केली, तर क्लचची क्षुल्लक गळती ब्रेक कोरडा करू शकते. दिंडोशीच्या उड्डाणपुलावरून भरलेला ट्रक उतरत असताना हा शोध लागणे कोणालाच परवडणारे नाही. क्लचची बाटली स्वतंत्र असावी. ब्रेकच्या रचनेला या कामात हात लावूच नये.

राहिली हवा आणि पाणी. पॅडल एकदा पूर्ण दाबल्यावर जो द्रव सरकतो, तो अवघा सात घनसेंटिमीटर, चहाचे दीड चमचे. त्यात एक घनसेंटिमीटरचा बुडबुडा अडकला, तर चालीचा सातवा हिस्सा त्या बुडबुड्यालाच चेपण्यात जातो. म्हणून स्लेव्हवरचे हवा काढण्याचे निपल सर्वांत उंच जागी यावे अशीच ब्रॅकेट घडवावी. नळीला मध्येच उंटाच्या मदारीसारखा उंचवटा देऊ नये. पाण्याची गोष्ट अधिक कपटी. नेहमीचा ब्रेक ऑइल, डॉट ३ असो वा डॉट ४, ग्लायकोल जातीचा असतो आणि हवेतला ओलावा शोषून घेतो. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरल्यावरचे प्रमाण १४० अंशांवर येते. क्लचला एवढी उष्णता क्वचितच सोसावी लागते. पण मुरलेले पाणी सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पाडते आणि त्या खड्ड्यांवर घासून रबरी वायसर फाटतात. मुंबईचा चार महिन्यांचा पावसाळा लक्षात घेता दोन वर्षांनी द्रव बदलणे शहाणपणाचे. पावसात तुंबलेल्या मालाड सबवेसारख्या ठिकाणातून गाडी काढली असेल, तर स्लेव्हचे रबरी बूट उघडून पाहावे. बाटलीत इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक जॅकचे तेल कदापि घालू नये. ब्रेकचे रबर त्याने फुगते आणि दट्ट्या अडकतो. 'हायड्रॉलिक' या एका शब्दाने ही गफलत वारंवार घडते.

मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला पॅडल सोडलेले असताना एखाद्या मिलिमीटरची मोकळीक हवी. दट्ट्या पूर्ण मागे आला, तरच बाटलीकडे जाणारे बारीक छिद्र उघडते. ते बंद राहिले, तर इंजिनच्या उष्णतेने फुगलेल्या द्रवाला परतीची वाट मिळत नाही, दाब साचतो, बेअरिंग आपोआप बोटांवर टेकते आणि चालकाचा पाय पॅडलवर नसतानाही क्लच घसरू लागतो. सकाळी गाडी ठीक, दुपारी चढावर इंजिन ओरडते पण वेग येत नाही, अशी तक्रार असली की आधी हे छिद्र आठवावे. जुन्या पद्धतीचे बेअरिंग सतत फिरत राहण्यासाठी बनवलेले नसते. तेव्हा फोर्कला परतीची स्प्रिंग ठेवून बेअरिंग आणि बोटे यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर राखणे भाग आहे. क्लचप्लेट झिजत जाते तसे हे अंतर कमी होते. म्हणून स्लेव्हचा पुशरॉड नटाने लांब-आखूड करता येईल असाच घ्यावा.

हे सारे जीप किंवा मध्यम आकाराच्या ट्रकपुरते. बारा-तेरा इंची क्लचच्या मोठ्या मालट्रकांत स्प्रिंगांचा जोर इतका असतो, की दट्ट्यांच्या खेळीने चाल आणि हलकेपणा ही दोन्ही साधत नाहीत. तेथे क्लच बूस्टर लागतो: द्रवाचा दाब एक झडप उघडतो आणि प्रत्यक्ष ढकलण्याचे काम हवेच्या टाकीतली दाबलेली हवा करते. टाकी रिकामी असेल तर पॅडल जड होते, पण क्लच सुटतो. ज्या ट्रकला हवेचा ब्रेकच नाही, त्याला केवळ क्लचसाठी कॉम्प्रेसर बसवणे हा खर्चाच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार. अशा गाडीचे मूळ सांधे नव्याने करून घेणेच बरे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे निःसंदिग्धपणे सांगितले. इंजिन, चासी, इंधन यांची नोंद प्रमाणपत्रात असते. क्लच दांडीने चालतो की द्रवाने, याची नसते. तरीही व्यावसायिक वाहनाला फिटनेस तपासणी आहेच, आणि आठ वर्षांहून जुन्या गाडीला ती दरवर्षी द्यावी लागते. चासीला मनमानी भोके पाडणे आणि जाळकाम करणे तेथे अंगाशी येऊ शकते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील खासगी दुचाकी व मोटारींसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली आणि तीत चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार नसण्याची अट घातली. मालट्रक या व्याख्येत येत नाहीत. परंतु जुन्या खासगी मोटारीवर हेच काम करणाऱ्याने ही अट ध्यानात ठेवावी. ब्रॅकेटी वेल्डिंगऐवजी, आहेत त्या भोकांत बोल्टने आवळलेल्या असाव्यात, आणि काढलेल्या दांड्या, पिना, स्प्रिंगा चिठ्ठी लावून पिशवीत जपून ठेवाव्यात. पुढेमागे मूळ रूप परत आणायचे, तर हे सुटे भाग दुकानात मिळण्याची खात्री नाही.

काम पुरे झाल्यावर गाडी लगेच हमरस्त्यावर नेऊ नये. इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, पाच-सहा सेकंद थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकून पाहावा. दाते करकरले तर क्लच पुरता सुटत नाही. मग मोकळ्या सपाट जागेत चाकांना ओंडके लावून, हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही दुसरी परीक्षा एकदाच घ्यावी, पुन्हा पुन्हा घेतल्यास अस्तर जळते.

त्यानंतर चालकाला दोन खुणा सांगून ठेवाव्यात. पॅडलच्या मुळाशी ओल दिसली किंवा क्लच सुटण्यासाठी पॅडल दोनदा मारावे लागले, तर वायसर गेला आहे असे समजून त्याच दिवशी किट बदलावे. दांडी तुटण्याआधी आवाज करते. वायसरला आवाज नसतो. तो एकदम दगा देतो, पॅडल तळाला जाऊन तेथेच राहते, आणि गाडी ज्या गिअरमध्ये असेल त्यात अडकते. नेमक्या त्या क्षणी इंजिन बंद करून गाडी कडेला घ्यायची, हे चालकाला आधीच ठाऊक असलेले बरे.